पाच ठोक्यांचा शब्द

अहो,

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले, शेजारून आणलेली मोठी पातेली घासून परत गेली, आणि आज सकाळी पहिल्यांदा मी एकटीपुरता चहा टाकला. जास्तच झाला. हाताला एवढ्यात ते माप कळणार नाही.

या दिवसांत घरी येणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न विचारला. बायकांनी जवळ बसून, माझा हात हातात घेऊन विचारला, पुरुषांनी दारात चपला घालता घालता. "सर शेवटचं काय बोलले हो?" मी सगळ्यांना सांगितलं, काही नाही. लोकांना ते पटतं. सरांना झटका आला होता, सरांची वाचा गेली होती, हे आपल्या ओळखीच्या अख्ख्या डोंबिवलीला ठाऊक होतं. वाचा गेली हे बोलणं मला कधीच आवडलं नाही. तुमच्याकडे एक शब्द उरला होता, आणि त्या एका शब्दात तुम्ही दीड वर्ष माझ्याशी बोलत होतात. भांडतसुद्धा होतात.

तो शब्द पाणी किंवा देव किंवा आई असा काही असता, तर लोकांनी डोळ्यांना पदर लावला असता. तुमचा शब्द होता स्टॉयकिऑमिट्री. ऐकणारा आधी दचकायचा, मग हसू दाबायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी काय सांगणार? सांगायचे, रसायनशास्त्रातला आहे, ग्रीकमधून आलाय, कुठला पदार्थ कुठल्या पदार्थाशी किती प्रमाणात जुळतो त्याचं गणित. समोरचा म्हणायचा, अच्छा. आणि तुमच्याशी मोठ्यांदा, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसा बोलायला लागायचा. तुम्हाला त्याचा किती राग यायचा, ते मला पाठमोरी असतानाही कळायचं.

तुमच्या कॉलेजात अकरावीला येणारी निम्मी पोरं मराठी शाळेतली. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली, आणि एकदम हातात हे इंग्रजी पुस्तक. हा शब्द दिसला की वाचणारा अडखळायचा, कुणी ‘स्टोईचिओमेट्री’ म्हणायचा, मागचे बाक खिदळायचे. तुम्ही नाही हसायचात. तुम्ही डस्टर उलटा धरायचात आणि त्याच्या लाकडी पाठीने टेबलावर ठोके द्यायचात. स्टॉय. कि. ऑ. मि. ट्री. तिसरा ठोका जोरात, कारण शब्दाचं वजन तिथे आहे. सगळा वर्ग तुमच्यामागून म्हणायचा. "शब्द कितीही लांब असू दे, एका वेळी एकच घास घ्या," असं तुम्ही सांगायचात. मला तुमच्या विद्यार्थ्यांकडून कळायचं हे. घरी तुम्ही कुठे काय सांगत होतात.

हाच शब्द का, ते मात्र मलाच सांगितलं होतंत. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तुम्ही कोकणातल्या गावातून ठाण्याला कॉलेजात आलात, पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी उभं करून हा शब्द वाचायला लावला, आणि तुम्ही तो असा काही वाचलात की ते स्वतःच फळ्याकडे तोंड करून हसले. तुम्ही सांगताना हसत होतात. मला मुळीच हसू आलं नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा राग आला होता, अजून येतो.

आपलं त्या शब्दावरचं भांडण तेव्हाच सुरू झालं. मी शाळेत मराठी शिकवणारी. माझं म्हणणं, शब्द अर्थाच्या सांध्यावर तोडावा. स्टॉयकिओ म्हणजे मूलद्रव्य, मेट्री म्हणजे मोजणं. दोन तुकडे केले की पोराला कळतं आपण काय वाचतोय. तुमचं म्हणणं, अर्थ माहीतच नाही त्याला सांधा कसा दिसणार? आधी श्वासावर तोडा, तोंडात बसू द्या. अर्थ नंतर सापडतो. मी म्हटलं, बरं, श्वासावर तर श्वासावर. पण मग चौथा ठोका एवढा हलका का देता? पुढे ट्री आहे, जोडाक्षर. जोडाक्षराआधीचं अक्षर जड होतं, आम्ही वृत्तं शिकवताना पोरांकडून हेच घोकून घेतो. तुम्ही मटार सोलता सोलता मान वर करून म्हणालात, "ग्रीकांना तुझी वृत्तं कुणी शिकवली?" मी म्हटलं, "तुमच्या वर्गात ग्रीक बसतात की काय? शहाडची नि टिटवाळ्याची पोरं बसतात. त्यांची जीभ मराठी आहे." तुम्ही पुन्हा मटार सोलायला लागलात. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलात ते बूट काढायच्या आत सांगितलंत, "आज मुद्दाम ऐकलं. हलकाच म्हणतात." मी म्हटलं, तुम्ही हलका ठोकता म्हणून. हे भांडण आपण किती वर्षं पुरवलं. निवृत्त झाल्यावरसुद्धा एखाद्या दुपारी बोलायला काही नसलं की तुम्ही ते उकरून काढायचात, आणि मला बरं वाटायचं.

आणि एकदा तुम्ही लायब्ररीतून आलात, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. म्हणालात, "अगं, ऐक. त्या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ आहेत. मूलद्रव्य, आणि मुळाक्षर. त्यांना दोन्हीला एकच शब्द." मी म्हटलं, मग? तुम्ही म्हणालात, "मग काय. म्हणजे तू आणि मी एकच विषय शिकवतो." एवढं बोलून हातपाय धुवायला गेलात. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि तुम्हाला ते कळलंही नाही. तुम्ही मला उद्देशून काही गोड बोललात असं मी कधी कुणाला सांगू शकले नाही, कारण हे सांगितलं तर कुणाला गोड वाटणार नाही.

दीड वर्षापूर्वी, दिवाळी नुकतीच संपली होती. सकाळी तुमच्या हातातला पेपर सरकला आणि तुम्ही तो उचलायला वाकलाच नाहीत. पुढचं सगळं धावपळीचं आहे, ते तुम्हाला आठवत नसेल आणि मला आठवायचं नाही. दवाखान्यात तुम्ही डोळे उघडून पहिल्यांदा बोललात तेव्हा निखिल आणि मी दोघंही खाटेशी होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, काहीतरी विचारायचं होतं, आणि तोंडातून आलं स्टॉयकिऑमिट्री. निखिल हसला. "बाबा लेक्चर देतायत," म्हणाला, आणि हसता हसताच रडायला लागला. तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात. पुन्हा तेच. तुमचा चेहरा कसा झाला होता! तुम्हाला कळत होतं की हा तो शब्द नव्हे. आतली सगळी दारं बंद होती आणि तेवढं एकच उघडं राहिलं होतं.

निखिल ठाण्यात बाळकुमला राहतो, स्पीच थेरपीचं क्लिनिक टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, म्हणून आपण त्याच्याकडे राहायला गेलो. तिथल्या सायली मॅडम. निखिलहूनही लहान, पण हुशार मुलगी. मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. ती चित्रांची कार्डं दाखवायची. कप, कंगवा, किल्ली.

"काका, हे काय आहे?"

"स्टॉयकिऑमिट्री."

"नाही काका. माझ्याबरोबर. कि, ल्ली." आणि तुमच्या डाव्या हातावर बोटाने दोन ठोके.

तुम्ही आधी तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. नव्या शिक्षिकेच्या तासाला मागच्या बाकावर मुख्याध्यापक येऊन बसतात ना, तसे. मग तिचं बोट उचललंत आणि पहिला ठोका जरा जड करून दाखवलात. तिला वाटलं, काका को-ऑपरेट करतायत. मला कळलं की तुम्ही तिला ‘कि-ल्ली’ नाही, ‘किल्-ली’ अशी तोडायची ते शिकवत होतात. त्या रात्री जेवताना मी निखिलला ते सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तू प्रत्येक गोष्टीत स्टोरी बघतेस."

पुढच्या तासाला सायली मॅडमने मला आणि निखिलला बाजूला घेऊन सांगितलं. "काकू, काही पेशंट्सचा असा एक शब्द अडकतो. तो आला की तुम्ही रिस्पॉन्स द्यायचा नाही. त्यांना काय हवंय ते कळलं तरी कळलं नाही असं दाखवायचं. गरज पडली की ब्रेन दुसरा शब्द शोधतो. थोडं कठोर व्हावं लागेल." निखिलने मान डोलावली. मीही डोलावली.

मी प्रयत्न केला. बाळकुमच्या त्या डायनिंग टेबलापाशी पाण्याचा ग्लास हातात धरून भिंतीकडे बघत उभी राहिले. तुम्ही म्हणालात. मी काही ऐकलंच नाही असं केलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, मोठ्यांदा, वर्गात म्हणायचात तसं. मी भिंतीकडेच. मग तिसऱ्यांदा तुम्ही तो अगदी हळू म्हणालात, मधला ऑ एवढा लांबवून, की त्यात ‘अगं’ होतं, ‘तूसुद्धा?’ होतं. मी ग्लास तुमच्या हातात दिला. निखिल दारातून बघत होता. "आई, तू असं केलंस तर ते कधीच बोलणार नाहीत." मी म्हटलं, "ते बोलले. मला ऐकू आलं."

त्यानंतर माझ्या आणि त्याच्यात हाच एक वाद राहिला. तुमच्या शब्दाला उत्तर द्यायचं की नाही. त्याच्या बाजूला सायली मॅडम, डॉक्टर, मोबाईलवर वाचलेले लेख. माझ्या बाजूला कुणी नाही, तुम्ही होतात पण तुमचं मत कोण विचारणार. आणि पणाला काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तुम्ही पुन्हा बोलाल, की याच शब्दात राहाल. मी कठोर झाले असते तर कदाचित एखादा दुसरा शब्द आला असता. ‘कदाचित’ हा फार मोठा शब्द आहे, अहो. निखिल त्याच्यासाठी सगळं द्यायला तयार होता. मी तुमचा रोजचा दिवस द्यायला तयार नव्हते.

नवरात्रात टेंभी नाक्यावर गर्दी असते हे मला माहीत होतं, पण थेरपीच्या तासाला दांडी मारायची नाही असं निखिलचं म्हणणं. रिक्षा अलीकडेच अडकली. पुढे रस्ता बंद, दोन्ही बाजूंनी लाऊडस्पीकर, देवीच्या दर्शनाला निघालेल्या बायका रिक्षाला घासून जात होत्या. तुम्ही माझं मनगट धरलंत. काहीतरी म्हणालात, ओठ हलले, आवाज आला नाही, पण किती वेळा हलले ते मी बघितलं. तोच शब्द. तुम्ही तो आता ठोके न देता म्हणत होतात, एकसारखा, जप चालावा तसा. मी रिक्षा वळवायला लावली. त्याच संध्याकाळी निखिलला सांगितलं, आम्ही उद्या घरी जातो.

"आई, ट्रीटमेंट अशी मध्येच सोडत नाहीत. मी मॅडमना विचारलेलं, अजून चान्स आहे म्हणाल्या."

"चान्स असेल तर डोंबिवलीतही असेल."

"तिकडे तू काय करणार? ते तेच बोलणार आणि तू हो हो करणार."

"हो."

"मग त्यांना सवय लागेल त्या शब्दाची."

"अरे, मला लागलीये, त्याचं काय करू?"

सकाळी त्यानेच गाडीतून आणून सोडलं. तुमची औषधं गोळ्यांच्या डबीत सकाळ-संध्याकाळ अशी लावून दिली आणि मला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, जणू मला मराठी वाचता येत नाही. रागावला होता. पण जाताना तुमच्या पाया पडला.

डोंबिवलीतले ते महिने मी कुणाला कसे सांगू? लोकांना वाटतं, बिचारीने सेवा केली. सेवा तर होतीच, कंबर अजून दुखते. पण आपण दोघं इतकं कधी बोललो होतो का? आधी तुम्ही पेपरात तोंड घालून बसायचात आणि मी स्वयंपाकघरातून एकटीच बोलायची. आता तुम्ही म्हणायचात आणि मला हातातलं काम टाकून तुमच्याकडे बघावंच लागायचं. पहिला ठोका आपटलात की समजायचं, चहा गार आहे. ऑ वर चढवलात की प्रश्न. शेवटचे दोन गिळलेत की झोप येतेय. मी खिडकीतून भाजी घेताना तुम्ही मागून म्हणालात की भाजीवाला विचारायचा, "सर काय म्हणतात, मॅडम? कोथिंबीर?" मी म्हणायचे, "नाही, ते म्हणतायत काल दिलीस ती निबर होती." आणि तुम्ही हसायचात, तोंडाच्या त्या एकाच बाजूने. दिवस गेले तसा शब्दही झिजत गेला. स्टॉयचं तॉय झालं, ट्रीचं टी. अर्थ तेवढे वाढत गेले. तुमचं ते म्हणणं, अर्थ नंतर सापडतो, मला मान्य करावं लागलं. तोंडावर नाही केलं. तुम्हाला त्याचा केवढा आनंद झाला असता, ते मला परवडलं नसतं.

एकदा सायली मॅडमने व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगितलं, काकूंचं नाव घ्या, सु-नं-दा. तुम्ही आपला शब्द घेतलात. ती म्हणाली, नाही. मी तिला म्हटलं, "अगं, लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, ‘अगं’वर सगळं भागवलं. आता तुझ्या क्लिनिकमुळे मारतील होय?" ती हसली, तुम्हीही. पण फोन ठेवल्यावर तुम्ही मान खाली घालून खूप वेळ ओठ हलवत बसलात. मी बघितलं आणि आत निघून गेले. तुम्हाला एकट्याने प्रयत्न करू द्यावा असं वाटलं.

निखिल रविवारी यायचा. कार्डं, मोबाईलमधलं ॲप, सगळं घेऊन. तुमच्यासमोर मांडी घालून बसायचा, तुम्ही त्याला शिकवायला बसायचात तसाच. तुम्ही त्याच्या गालाला हात लावून म्हणायचात, स्टॉयकिऑमिट्री. तो म्हणायचा, "बाबा, नाही. नि, खिल. म्हणा ना. नि, खिल." तुम्ही पुन्हा तेच. अगदी प्रेमाने. तो मान हलवायचा, "नाही, हे नाही," आणि डोळे लाल व्हायचे. मला आधी वाटायचं, हा हट्टी आहे. नंतर कळलं की त्याला तुमच्या तोंडून स्वतःची हाक ऐकायची होती, बाकी काही नको होतं. मी एकदा म्हटलं, "अरे, ते तुझंच नाव घेतायत." तो म्हणाला, "तुला ऐकू येत असेल, आई. मला नाही येत." कुणाच्या कानात आपला कान कसा घालणार.

मी निखिलला नेहमी छातीठोकपणे सांगितलं, मला त्यांचं सगळं कळतं. आता तुम्ही नाहीत, तर तुम्हाला सांगते. ते तितकंसं खरं नव्हतं. संक्रांत होऊन गेल्यावरची ती दुपार आठवते? तुम्ही खिडकीशी खुर्चीत होतात. एकदम म्हणालात. मी आले. पाणी? नाही. बाथरूम? नाही. ऊन लागतंय? निखिलला फोन लावू? दुखतंय कुठे? नाही, नाही. तुमचा चांगला हात हवेत काहीतरी दाखवत होता, दूर, मग जवळ, मग माझ्याकडे. मी कॉलेज म्हटलं, गाव म्हटलं, तुमच्या आईचं नाव घेतलं, बँकेचं विचारलं, देवाचं विचारलं. तुम्ही प्रत्येक वेळी डोळे मिटून नाही म्हणायचात आणि पुन्हा पहिल्यापासून, पाचही ठोके स्पष्ट, खुर्चीच्या हातावर. इतक्या महिन्यांत तो शब्द इतका स्वच्छ कधी आला नव्हता. काहीतरी नेमकं होतं. कदाचित मोठं होतं. मला ते सापडलं नाही. शेवटी मी रडायला लागले. तेव्हा तुम्ही थांबलात, माझा हात ओढून घेतलात आणि त्यावर थोपटलंत, गणित न सुटलेल्या पोराला थोपटावं तसं. राहू दे, पुन्हा कधीतरी. तो ‘पुन्हा कधीतरी’ आला नाही. मी आता रोज दुपारी त्या खिडकीशी बसते आणि नव्या नव्या गोष्टी विचारून बघते. काल विचारलं, आपण दोघांनी कुठे जायचं ठरवलं होतं आणि मग गेलोच नाही, असं काही होतं का? तुम्हाला ते म्हणायचं होतं का? सांगायला कोण आहे.

म्हणून निखिल म्हणायचा ते चूक होतं, असं मी म्हणणार नाही. दुसरा शब्द आला असता तर त्या दुपारी तुम्ही मला ते सांगितलं असतंत. पण माझ्यासमोर तो ग्लास पुन्हा आला तर मी तो पुन्हा देईन. तुम्ही तहानलेले असताना भिंतीकडे बघत उभं राहणं मला जमणार नाही. नाहीच जमणार. तुम्हीही माझ्याशी तसे वागला नसतात.

दुसरा झटका आला तेव्हा कल्याणच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या प्रहरी भेटायची वेळ होती. डॉक्टर निखिलशी बाहेर बोलत होते, मी आत तुमच्यापाशी. तुमचे डोळे अर्धे मिटलेले, श्वास मोठा. ओठ हलत नव्हते. तो एक शब्दही आता तुमच्याकडे नव्हता, आणि मला इतकं उघडं उघडं वाटलं, की अंगावरची शाल मी घट्ट ओढून घेतली.

मी वाकून तुमच्या कानाशी गेले. काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर पोरांना निबंध शिकवले, निरोपसमारंभाची भाषणं लिहून दिली, आणि मला एक वाक्य जमेना. काळजी करू नका म्हणावं तर खोटं. मी ठीक राहीन, तेही खोटं. तुमच्यावाचून कसं होणार म्हणावं, तर निघालेल्या माणसाला अडवल्यासारखं. मग मी तुमचा शब्द घेतला. तुमच्या तळहातावर बोटाने ठोके देत, सावकाश म्हटला. त्यात तक्रार होती, राग होता, मला असं अर्ध्यावर टाकून जाताय म्हणून. खूप झालं, दमलात, आता पडा, हे होतं. आणि जे आपण एकमेकांना कधी तोंडाने म्हटलं नाही तेही होतं. मराठीत त्याला फार जागा लागली असती.

मान वर केली तर निखिल दारात उभा. केव्हापासून होता कुणास ठाऊक. मला वाटलं, आता म्हणेल, आई, हे काय चाललंय. तो पलीकडच्या बाजूला गेला, स्टूल ओढलं, तुमचा दुसरा हात दोन्ही हातांत धरला. घसा साफ केला. आणि म्हणाला, स्टॉय, कि, आणि पुढे आवाज फुटला. थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी पूर्ण म्हटला. मग थोडं थांबून पुन्हा म्हटला, वेगळ्या सुरात, तुम्हाला काहीतरी विचारल्यासारखा.

मी उठले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. दार उघडंच होतं. तो बराच वेळ तुमच्याशी बोलत होता.